मदतनिधी कोणाच्या दारी जातो?

युद्धाने उद्ध्वस्त झालेले देश पुन्हा उभे करायला किती पैसा लागेल, याचे आकडे अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात आणि वाचणाऱ्याची मती गुंग होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये जागतिक बँक, युरोपीय महासंघ आणि संयुक्त राष्ट्रे यांनी असे दोन अंदाज प्रसिद्ध केले. युक्रेनच्या पुनर्बांधणीला दहा वर्षांत ५२४ अब्ज डॉलर लागतील आणि गाझाला ५३ अब्ज डॉलर, असे त्यांत सांगितले होते. अमरावतीच्या इतवाऱ्यातला किंवा अकोल्याच्या ताजनापेठेतला दुकानदार म्हणेल, या अब्जांशी आपले काय देणेघेणे? आपले गिऱ्हाईक आले, संध्याकाळी गल्ला मोजला, दिवस संपला.

वस्तुतः देणेघेणे आहे, आणि ते आजचे नाही. युद्धात सापडलेल्या कामगारांसाठी जगभरातून वर्गणी जमवण्याचे जे पहिले मोठे प्रयोग झाले, त्यांपैकी एकाचा संबंध थेट वऱ्हाडच्या कापसाशी होता. त्या वेळी मदत कोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, हे नीट पाहिले तर आजच्या व्यापाऱ्याच्या कामाचा एक धडा त्यातून निघतो. मदतीचा पैसा केवळ गरज पाहून येत नाही. ज्याच्या गरजेची कुठेतरी नोंद आहे, त्याच्याकडे तो आधी येतो.

लँकाशायरची उपासमार, वऱ्हाडची चांदी

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि तिकडचा कापूस बाहेर पडेना. इंग्लंडच्या लँकाशायर परगण्यातील गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेचा होता. गिरण्या बंद पडू लागल्या. १८६२ च्या अखेरीस तिथे सुमारे पाच लाख माणसे मदतीवर जगत होती. युद्ध हजारो मैलांवर होते, पण चूल विझली ती ओल्डहॅम आणि ब्लॅकबर्नच्या कामगाराची.

त्याच काळात इकडे कापसाचे भाव तिपटी-चौपटीने चढले. १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेला वऱ्हाड मुलूख मँचेस्टरच्या नजरेत भरला. रेल्वे नागपूरपर्यंत पोचली ती १८६७ साली, युद्ध संपल्यावर. म्हणजे ऐन तेजीत वऱ्हाडचा बराच कापूस बैलगाड्यांवर लादून दूरवर न्यावा लागे. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीची धाव बसवल्याच्या गोष्टी त्या तेजीबद्दल सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, पैसा आला होता हे खरे.

परंतु त्याच वऱ्हाडात दुसरा एक माणूस होता. बाळापूरला पागोटी विणणारा, अकोटला सतरंज्या विणणारा, अचलपूरला माग चालवणारा. त्यांत मोमीन होते, कोष्टी होते, साळी होते. कापूस महागला तसे सूत महागले. सूत महागले तसे विणलेले कापड परवडेना. मग कित्येकांनी माग उचलून ठेवले आणि ते दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेले. इंग्रज अधिकाऱ्यांना त्याचे फारसे दुःख नव्हते, कारण त्यांना विणकरापेक्षा कापूस वेचणारे हात हवे होते.

एकाच युद्धाने लँकाशायरचा विणकर बसला आणि बाळापूरचाही बसला. लँकाशायरसाठी लंडनच्या मॅन्शन हाऊसमध्ये फंड निघाला, मँचेस्टरला मध्यवर्ती समिती बसली, ऑस्ट्रेलियातून पैसे आले. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी ‘जॉर्ज ग्रिसवोल्ड’ नावाचे जहाज पिठाच्या पिंपांनी भरून पाठवले, ते फेब्रुवारी १८६३ मध्ये लिव्हरपूलला लागले. एवढेच नव्हे, तर मुंबई-कलकत्त्याहूनही वर्गणी गेली. कापसाच्या तेजीत गबर झालेल्या मुंबईने लँकाशायरच्या भुकेल्यांना हात दिला, ही गोष्ट मुंबईला शोभणारीच होती. पण त्याच कापसाच्या मुलखातील विणकरासाठी मध्यवर्ती समिती बसली नाही.

याचे एक कारण उघड आहे. तो गुलाम देशाचा विणकर होता. परंतु तेवढ्यावर थांबून भागत नाही. दुसरे कारण व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे.

मदत आधी वही पाहते

लँकाशायरच्या प्रत्येक गावात मदत समिती होती. किती गिरण्या बंद, किती अर्ध्या वेळ चालू, किती कुटुंबे मदतीवर, किती रक्कम वाटली, याची माहिती मँचेस्टरला जात असे. लॉर्ड डर्बी यांच्यासारखा मातब्बर माणूस कार्यकारी समितीच्या अध्यक्षपदी होता. देणाऱ्याला आपला पैसा कुठे गेला ते कळत होते, म्हणून तो पुन्हा देत होता. बाळापूरच्या विणकराची अशी वही कोणी ठेवली नव्हती. किती माग बंद पडले, हेच जिथे कोणी मोजले नाही, तिथे कोणी कोणाला काय द्यावे?

लँकाशायरमध्ये आणखी दोन गोष्टी घडल्या, त्याही लक्षात ठेवाव्यात. मार्च १८६३ मध्ये स्टॅलीब्रिज गावात मदत समितीने मदत कमी करून रोख पैशाऐवजी दुकानाची चिठ्ठी देण्याचे ठरवले. कामगार भडकले, दंगल झाली, दुकाने लुटली गेली. कष्टाने जगलेल्या माणसाला भीक नको होती. त्याला चार पैसे हातात हवे होते, म्हणजे काय घ्यायचे ते तो ठरवील. आज जगातल्या पुष्कळ मदत संस्था धान्याच्या पिशव्यांपेक्षा रोख रक्कम देणे बऱ्याचदा बरे, या निष्कर्षाला आल्या आहेत. कारणही व्यापारीच आहे. रोख रक्कम दिली की जवळच्या दुकानातून खरेदी होते आणि बाजार जिवंत राहतो. बाहेरून फुकट माल आला की उरलासुरला दुकानदारही बसतो.

दुसरी गोष्ट १८६३ च्या कायद्याची. सरकारने लँकाशायरच्या नगरपालिकांना बारा लाख पौंडांपर्यंत कर्ज देण्याची तरतूद केली. त्यातून रस्ते, गटारे, उद्याने झाली आणि बेकार विणकरांना मजुरी मिळाली. भाकरी खाल्ली की संपते, गटार आणि रस्ता पुढच्या पिढीलाही उपयोगी पडतो.

बैल आणि बियाणे

वऱ्हाडला परदेशी मदत मिळालीच नाही असे नाही. ती मिळाली १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात. एव्हाना तेजी कधीच ओसरली होती. १८६५ साली युद्ध संपताच मुंबईचा बाजार कोसळला होता आणि कापसाच्या पिकावर घेतलेले कर्ज शेतकऱ्याच्या गळ्यात उरले होते. शेतात धान्याऐवजी कापूस, घरात सावकाराचा कागद आणि आकाशात पाऊस नाही, अशी अवस्था झाली. तेव्हा इंग्लंडमधून वर्गणी आली, अमेरिकेहून ‘क्विटो’ नावाचे जहाज मका घेऊन मुंबईला आले.

त्या वेळच्या दुष्काळ निधीचे चार उद्देश ठरलेले होते. त्यांतला चौथा आमच्या दृष्टीने सर्वात मोलाचा होता. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना पुन्हा आपल्या धंद्याला लावून देणे, म्हणजे शेतकऱ्याला बैल आणि बियाणे देणे. १८९७ च्या निधीतील सर्वात मोठा वाटा याच कामावर खर्च झाला होता. दुष्काळाचे काम पाहिलेल्या अधिकाऱ्यांना एवढे समजले होते की माणसाला जगवणे हे अर्धेच काम आहे. त्याच्या हातात पुन्हा औत दिले नाही, तर पुढच्या वर्षी तो पुन्हा रांगेत उभा राहील. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर गेलेले भांडवल परत उभे करणे म्हणजेच पुनर्वसन.

आजचे दाते, आजचे नियम

आजच्या युद्धांत मदतीची व्यवस्था कितीतरी मोठी झाली आहे, परंतु तिचा स्वभाव तोच आहे. आधी नुकसानीची मोजदाद, मग देणाऱ्या देशांची परिषद, मग आश्वासने, मग करार, आणि शेवटी थोडाथोडा पैसा. आश्वासन आणि प्रत्यक्ष रक्कम यांत पुष्कळ अंतर असते. एवढा सगळा खटाटोप का करावा लागतो? कारण युद्धाच्या नुकसानीला विमा नसतो. कोणतीही आगीची पॉलिसी काढून पाहा. युद्ध, परकीय आक्रमण आणि यादवी ही नुकसाने त्यातून वगळलेली असतात. विमा कंपनीने हात वर केल्यावर उरतात ते दाते. म्हणून युक्रेनमध्ये काही सरकारांनी आणि आंतरराष्ट्रीय बँकांनी युद्धाच्या जोखमीची हमी घेण्याच्या योजना काढल्या, म्हणजे कारखानदाराने पुन्हा पैसा गुंतवावा.

दाता मनाचा मालक असतो, हेही विसरू नये. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटले. परदेशी संस्था निघून गेल्या तेव्हा खार्टूमच्या मोहल्ल्यामोहल्ल्यांतील तरुणांनी ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्ष’ काढले, सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली, मोबाईलवरून बँकेच्या ॲपने पैसे घेतले आणि त्यांचा हिशेब ठेवला. हिशेब होता म्हणून परदेशी दात्यांनी त्यांना पैसे दिले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि अशी शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली. जुलै २०२५ पर्यंत ‘यूएसएड’ ही संस्थाच मोडीत निघाली होती. गाझाच्या निर्वासितांचे काम पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचा पैसाही जानेवारी २०२४ मध्ये अनेक देशांनी एका फटक्यात रोखला होता. हिशेब नसेल तर मदत येत नाही हे खरे, पण हिशेब असूनही ती थांबू शकते हेही तितकेच खरे. सबब परक्या पैशावर बाजार उभा करता येत नाही. फार तर त्याचा टेकू घेता येतो.

भारतात तर नियम आणखी कडक आहेत. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. नोंदणी असलेल्या संस्थेला परदेशी पैसा आता दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी दिल्ली-मुंबईची मोठी संस्था परदेशी देणगी घेऊन अकोल्याच्या लहान संस्थेकडे काम सोपवत असे. तो रस्ता बंद झाला. उद्या आपल्या शहरावर आपत्ती आली तर परदेशातील कोणी दयाळू माणूस आपल्या गल्लीतील मंडळाला सहज पैसे पाठवील, ही आशा कोणी बाळगू नये.

आपल्याच जिल्ह्यातला अनुभव

परदेशी पैसा वऱ्हाडात मोठ्या प्रमाणावर आला तो शेतकरी आत्महत्यांच्या काळात, सरकारच्या मार्फत. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यानंतर रोमच्या ‘आयफाड’ या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या कर्जावर ‘केम’ हा प्रकल्प आला. त्याचे मुख्य कार्यालय अमरावतीत होते आणि २००९ ते २०१८ पर्यंत तो चालला. पुढे २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जावर ‘पोकरा’ आला. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातील गावेही त्यात होती.

या प्रकल्पांचे गुणदोष पुष्कळांनी सांगितले आहेत. आम्ही फक्त दोन गोष्टींकडे लक्ष वेधू. जिथे महिलांचे बचत गट आधीपासून नियमित बसत होते, ठरावाची वही आणि खात्याचे पुस्तक नीट होते, तिथे पैसा पोचला आणि काही टिकून राहिले. माविमने उभी केलेली लोकसंचालित साधन केंद्रे हे त्याचे उदाहरण आहे. याउलट पोकरात शेतावरच्या कामांसाठी सातबारा हवा आणि बहुतेक बाबतींत आधी स्वतःचा खर्च करून मग अनुदान खात्यात, अशी रीत होती. ठोक्याने जमीन करणारा माणूस, ज्याचे सातबारावर नाव नाही आणि आधी खर्च करायला गाठीला पैसा नाही, तो कोरडाच राहिला. १८६२ चा बाळापूरचा विणकर आणि हा ठोक्याचा शेतकरी यांचे दुखणे एकच. गरज आहे, नोंद नाही.

दंगल आणि दुकान

आता आपल्या बाजाराकडे येऊ. १२ आणि १३ नोव्हेंबर २०२१ रोजी अमरावतीत काय झाले ते सर्वांनी पाहिले. एका दिवशी एका बाजूच्या मोर्चानंतर दगडफेक, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूच्या बंदमध्ये तोडफोड, मग संचारबंदी आणि इंटरनेट बंद. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल उसळली. एकाचा जीव गेला, वाहने जळाली, पुन्हा संचारबंदी. दंगल म्हणजे युद्ध नव्हे. पण ज्याचे दुकान जळाले किंवा ज्याच्या हातगाडीचा आठवडाभराचा धंदा बुडाला, त्याच्या दृष्टीने फरक थोडाच असतो. काच हिंदूची फुटली की मुसलमानाची, बसवायला पैसे तेवढेच लागतात.

अशा वेळी तलाठी पंचनाम्याला येतो. तो विचारतो, दुकानात माल किती होता? खरेदीच्या पावत्या कुठे? दुकानाचा परवाना, भाड्याचा करार, उद्यम नोंदणी? आमच्या कित्येक दुकानदारांकडे उत्तर नसते. माल उधारीवर आणलेला, पावती नाही. जागा तोंडी भाड्याने घेतलेली. दुकान मामांच्या नावे, धंदा भाच्याचा. नुकसान लाखाचे, कागदावर काहीच नाही. मग आम्ही म्हणतो, सरकार आम्हाला देत नाही. भेदभाव होतच नाही असे आम्ही म्हणत नाही. पण भेदभाव झाला असे सिद्ध करायलाही कागदच लागतो, हे का विसरावे?

काही जण म्हणतात, नोंदी केल्या की कराचा ससेमिरा लागेल. काही जण म्हणतात, आमच्या नावांच्या याद्या तयार झाल्या की उद्या त्याच याद्या आमच्याविरुद्ध वापरल्या जातील. ही भीती निराधार आहे असे म्हणवत नाही. परंतु आपल्या दुकानाच्या वह्या आपल्याच ताब्यात असतात, त्यांची यादी कोणाला द्यावी लागत नाही. आणि कराच्या भीतीने जो वही ठेवत नाही, तो वर्षाला काही हजार वाचवतो आणि एका रात्रीत सारे भांडवल घालवतो. व्यापाऱ्याने हा सौदा फायद्याचा म्हणावा काय?

काय करता येईल?

पहिली गोष्ट विमा. युद्धाला विमा नाही, पण दंगलीला आहे. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या लहान धंद्यांसाठी ती आहे आणि तिच्यात आगीबरोबर दंगल आणि संप यांचे नुकसानही येते. पॉलिसी घेताना हे कलम स्वतः वाचून घ्यावे, आणि माल खऱ्या किमतीएवढा दाखवावा. हप्ता वाचवायला माल निम्मा दाखवला तर भरपाईही निम्मीच मिळेल. विम्याच्या जायज-नाजायजपणाबद्दल ज्यांच्या मनात शंका आहे, त्यांनी आपल्या आलिमांना जरूर विचारावे. भारतातील इस्लामिक फिकह अकादमीने दंगलींची परिस्थिती लक्षात घेऊन १९९० च्या दशकाच्या आरंभीच या बाबतीत सवलतीचा निर्णय दिला आहे, हेही त्यांना सांगावे.

दुसरी गोष्ट कागद. खरेदीची पावती, महिनाअखेरची मालाची यादी, भाड्याचा लेखी करार, उद्यम नोंदणी, हातगाडीवाल्याकडे नगरपालिकेचे प्रमाणपत्र. या सर्वांचे मोबाईलवर फोटो काढून ते शहराबाहेरच्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवावेत. दुकान जळते तेव्हा दुकानातली वहीही जळते.

तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट बाजाराचा स्वतःचा निधी. प्रत्येक बाजारपेठेतील दुकानदारांनी, सर्व जातिधर्मांच्या दुकानदारांनी, दरमहा ठरावीक रक्कम टाकून पतसंस्था किंवा नोंदणीकृत विश्वस्त संस्था चालवावी. तिचे नियम आधीच लिहून ठेवावेत. पहिल्या आठवड्यात रोख मदत, कपडे आणि भांडी नकोत. त्यानंतर माल भरण्यासाठी बिनव्याजी कर्ज, हप्ते सोयीचे. ज्याचे भांडवलच गेले आणि डोक्यावर देणे आहे, त्याच्यासाठी जकातीत कर्जबाजाऱ्यांचा स्वतंत्र वाटा कुराणानेच सांगितला आहे. त्या वाट्याचा हिशेब वेगळा ठेवावा. दर वर्षी हिशेब तपासनिसाकडून तपासून बाजाराच्या फळ्यावर लावावा. आमच्याकडे दंगल झाली की रसीद पुस्तके छापली जातात आणि सहा महिन्यांनी कोणी हिशेब मागितला तर वैर होते. ज्या निधीचा हिशेब मागणे म्हणजे अपमान मानला जातो, त्या निधीला दुसऱ्यांदा कोणी पैसे देत नाही.

निधी सर्व दुकानदारांचा असावा यावर आमचा विशेष भर आहे. ज्या बाजारात हिंदू कापडवाला आणि मुसलमान रफूगार एकाच निधीचे सभासद आहेत, तिथे दगड उचलणाऱ्याला दहा जण अडवतील. कारण फुटणाऱ्या प्रत्येक काचेचा भुर्दंड सगळ्यांच्या खात्यावर पडणार आहे. शांतता समितीच्या सभांत जे साधत नाही, ते कधीकधी खातेवहीने साधते.

बाळापूरच्या विणकराला कोणी वही ठेवायला सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी त्याचे ऐकणारे सरकार नव्हते. आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे कायदा आहे, बँक आहे, विमा आहे, मत आहे. परदेशी दाते येतील की नाही, सरकार किती देईल, हे आपल्या हाती नाही. आपल्या दुकानातला माल मोजून लिहून ठेवणे मात्र आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी पुढच्या दंगलीची वाट पाहण्याचे कारण नाही.